‘काल संध्याकाळपर्यंत चालू होतं’ : रिमोट डेस्कटॉप सर्व्हरची लायसन्सची दुखणी शोधायची कशी

मार्चची २० तारीख, सकाळचे साडेदहा. सांगलीतल्या एका अडत दुकानातून हिशेबनिसांचा फोन. “दादा, टॅली उघडत नाहीये. टॅलीचं सोडा, सर्व्हरच आत घेत नाहीये. काल संध्याकाळपर्यंत चालू होतं. कुणी हातसुद्धा लावलेला नाही.” त्या दिवशी जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख होती, त्यामुळे मागून मालकांचा आवाजही ऐकू येत होता.

मी एकच विचारलं, “सर्व्हर बसवला कधी?” बिल शोधायला दोन मिनिटं गेली. २० नोव्हेंबर. फेब्रुवारी २८ दिवसांचा होता. बोटं मोजून बघा, २० नोव्हेंबर ते २० मार्च म्हणजे बरोबर १२० दिवस.

हिशेबनीस खरं बोलत होते. नोव्हेंबरपासून लायसन्सच्या भागाला कुणीच हात लावला नव्हता, आणि नेमकं तेच दुखणं होतं. रिमोट डेस्कटॉप म्हणजे आपल्या पीसीवरून सर्व्हरवर लॉगिन होऊन तिथेच काम करणं. विंडोज सर्व्हरवर त्यासाठीचा रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट हा रोल (सर्व्हरला नेमून दिलेलं काम) बसवला की १२० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्या काळात लायसन्स सर्व्हर नसला तरी सगळे आत येतात, छापतात, व्हाउचर टाकतात. मुदत संपली की दार बंद.

या प्रकारातले बिघाड निदान करायला अवघड वाटतात, कारण ते आज दिसतात पण घडलेले असतात तीन-चार महिन्यांपूर्वी. नेटवर्क बिघडलं की काल काय बदललं ते विचारायचं. लायसन्स बिघडलं की आधी कॅलेंडर काढायचं. १२०, ९० आणि ६० हे तीन आकडे डोक्यात असले तर अर्धं निदान फोनवरच होतं. ते एकेक करून पुढे येतीलच.

एक व्यवहाराची गोष्ट आधी सांगतो. खालचे आदेश आणि रजिस्ट्रीचे (विंडोजच्या सेटिंगच्या वहीचे) मार्ग देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच टाकायचे.

आधी स्वतः आत शिरा

लोक दाराबाहेर अडकले असले तरी प्रशासकासाठी मागचं दार असतं. रन खिडकीत एमएसटीएससी, मग एक जागा सोडून स्लॅश ॲडमिन असं टाका आणि सर्व्हरचं नाव द्या. हे सेशन कॅल मागत नाही (कॅल म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्स, सर्व्हर वापरायचा परवाना, पुढे कॅलच म्हणतो). मुदत संपलेल्या सर्व्हरवरही ते चालतं. खातं मात्र त्या सर्व्हरच्या ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातलं हवं, आणि अशी एका वेळी दोनच सेशन मिळतात.

इथे एक मोह होतो. “मग सगळ्यांना ॲडमिन करून टाका ना, दोघं दोघं आळीपाळीने काम करतील.” नको. ही दोन सेशन सर्व्हरची देखभाल करण्यासाठी आहेत, व्हाउचर टाकण्यासाठी नाहीत. शिवाय हिशेबाच्या सर्व्हरवर प्रत्येकाला ॲडमिन करणं म्हणजे तिजोरीची किल्ली चहावाल्याकडे ठेवण्यासारखं आहे. सांगलीत त्या दिवशी आम्ही वेगळं केलं. सर्व्हर दुकानाच्या माळ्यावरच होता. त्याला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला, आणि हिशेबनीस शिडी चढून तिथेच बसले. सर्व्हरसमोर बसून केलेलं काम रिमोट सेशनमध्ये मोडत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. उकाड्यात घामाघूम होऊन त्यांनी चारपर्यंत रिटर्न भरलं.

कोण कुणाशी बोलतं

निदानाला हात घालण्यापूर्वी खेळातली मंडळी ओळखून घ्या. सेशन होस्ट म्हणजे ज्या यंत्रावर लोक लॉगिन होतात ते. लायसन्स सर्व्हर म्हणजे कॅलचा साठा सांभाळणारा रोल. छोट्या ऑफिसात दोन्ही एकाच खोक्यात असतात, आणि त्याने काही बिघडत नाही. क्लायंट म्हणजे टेबलावरचा पीसी, लॅपटॉप किंवा मोबाइल. आणि चौथं, मायक्रोसॉफ्टचं क्लिअरिंगहाऊस. लायसन्स सर्व्हर सक्रिय करायला आणि त्यात कॅल भरायला तिथे जावं लागतं.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की क्लायंट कधीच थेट लायसन्स सर्व्हरशी बोलत नाही. तो सेशन होस्टच्या दारात उभा राहतो, आणि सेशन होस्ट त्याच्या वतीने लायसन्स सर्व्हरकडे कॅल मागतो. त्यामुळे क्लायंटवरून लायसन्स सर्व्हरला पिंग मारत बसण्यात अर्थ नाही. मी स्वतः एकदा त्यात अख्खी दुपार घालवली आहे. फायरवॉल तपासायची ती सेशन होस्ट आणि लायसन्स सर्व्हर यांच्यामधली. टीसीपी १३५, ४४५ आणि आरपीसीची ४९१५२ ते ६५५३५ ही पोर्टं तिथे मोकळी हवीत.

पडद्यावरचं वाक्य अख्खं वाचून घ्या

फोनवर बहुतेक जण “लायसन्सचा एरर आला” एवढंच सांगतात. फोटो मागवा. इंग्रजी वाक्यं दिसायला सारखी असली तरी तीन वेगळी वाक्यं तीन वेगळ्या पत्त्यांवर नेतात.

पहिलं वाक्य म्हणतं की लायसन्स द्यायला एकही रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही. हे दिसलं तर क्लायंटला सोडून द्या. दोष सर्व्हरकडे आहे : सवलत संपली आहे, किंवा सेशन होस्टला लायसन्स सर्व्हर सापडत नाही. हे वाक्य बहुधा सगळ्यांना एकदमच दिसतं.

दुसरं वाक्य म्हणतं की या संगणकासाठी क्लायंट ॲक्सेस लायसन्स उपलब्ध नाही. यात ‘या संगणकासाठी’ हे शब्द महत्त्वाचे. एकाला येतं, शेजारच्याला येत नाही. म्हणजे पर डिव्हाइस पद्धत (माणसांऐवजी यंत्रं मोजणारी) लागू आहे आणि साठा संपला आहे, किंवा या यंत्राचं तात्पुरतं लायसन्स संपून त्याला पक्कं मिळालेलं नाही.

तिसऱ्या वाक्यात लायसन्सिंग प्रोटोकॉलमध्ये त्रुटी आली असं लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा त्या एका क्लायंटच्या रजिस्ट्रीत गडबड झालेली असते. सर्व्हरला हात लावण्याआधी दुसऱ्या पीसीवरून लॉगिन करून बघा. तिथून झालं तर दुखणं पहिल्या पीसीतच आहे.

आणखी एक चौकट अलीकडे बरीच दिसते : तुमच्या रिमोट डेस्कटॉप लायसन्समध्ये अडचण आहे, ६० मिनिटांत सेशन तुटेल. तिच्यावर खाली वेगळं लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांना सगळ्यात जास्त तीच छळते.

डायग्नोसर उघडा, आणि त्याचं ऐका

सेशन होस्टवर ॲडमिन म्हणून गेल्यावर पहिलं काम म्हणजे रन खिडकीत एलएसडायग डॉट एमएससी टाकणं. हा रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग डायग्नोसर. तो नसेल तर सर्व्हर मॅनेजरमधून रिमोट सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशन टूल्समधली लायसन्सिंग डायग्नोसरची साधनं बसवून घ्या.

त्यात चार गोष्टी बघायच्या. लायसन्सिंग मोड काय ठरला आहे, पर यूजर, पर डिव्हाइस की काहीच नाही. कोणता लायसन्स सर्व्हर नेमला आहे. त्यात किती कॅल आहेत. आणि खाली पिवळ्या त्रिकोणात तो काय कुरकुरतोय. सवलत चालू असेल तर तेही तो स्पष्ट सांगतो. लायसन्स सर्व्हर वेगळा असेल आणि त्यावर तुमच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार नसतील, तर डायग्नोसरला पूर्ण माहिती मिळत नाही आणि त्याचे आकडे फसवे दिसतात. उजव्या बाजूला दुसऱ्या खात्याचं नाव आणि पासवर्ड देण्याची सोय आहे, ती वापरा आणि पुन्हा बघा.

सोबत इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टिम लॉग चाळा. रिमोट कनेक्शन मॅनेजरकडून आलेली १०६९ क्रमांकाची नोंद सांगते की सवलत संपली आणि मोड ठरवलेलाच नाही. ११२८ म्हणजे सवलत संपली आणि कॅल असलेल्या कुठल्याही लायसन्स सर्व्हरशी गाठ पडलेली नाही. सांगलीत दोन्ही नोंदी एकाखाली एक उभ्या होत्या. त्याआधीच्या आठवड्यांत ॲडमिनने लॉगिन केलं की कोपऱ्यात इतके दिवस उरले अशी सूचनाही येत असते. पण ज्याला ती दिसते तो ती मिटवतो, आणि ज्याचं काम अडणार असतं त्याला ती दिसतच नाही.

मोड आणि सर्व्हरचं नाव ठरवणं

सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच. कॅल विकत घेतलेले असतात, लायसन्स सर्व्हरमध्ये भरलेलेही असतात, पण सेशन होस्टला कुणी सांगितलेलंच नसतं की कॅल कुठून मागायचे आणि कोणत्या प्रकारचे.

डोमेन (सगळ्यांची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) नसलेल्या ठिकाणी जीपीएडिट डॉट एमएससी उघडा. ही ग्रुप पॉलिसीची, म्हणजे सर्व्हरच्या नियमांची खिडकी. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, लायसन्सिंग असं उतरत जा. तिथे दोन नियम भरायचे. एकात लायसन्स सर्व्हरचं नाव टाकायचं, दुसऱ्यात मोड निवडायचा. नाव टाकताना जुन्या सर्व्हरचं नाव तसंच राहिलंय का ते बघा. सर्व्हर बदलून दोन वर्षं झालेली आणि पॉलिसीत अजून जुन्याचंच नाव, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. नंतर जीपीअपडेट स्लॅश फोर्स चालवा. रात्री रिस्टार्ट करता येत असेल तर तोही करून टाका.

डोमेन असेल आणि सर्व्हर मॅनेजरमधून पूर्ण डिप्लॉयमेंट केलं असेल, तर मोड आणि सर्व्हर तिथल्या डिप्लॉयमेंट प्रॉपर्टीजमध्येही असतात. पण डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत काही लिहिलेलं असेल तर चालणार तेच. “मी तर बदललं, पण परत पहिल्यासारखं होतंय” अशी तक्रार असेल तर जीपीरिझल्टने बघा कुठली पॉलिसी वरचढ होतेय.

सध्या कोणता मोड लागू आहे हे रजिस्ट्रीतही दिसतं. एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर, आरसीएम, लायसन्सिंग कोअर इथे लायसन्सिंगमोड नावाची नोंद असते : २ म्हणजे पर डिव्हाइस, ४ म्हणजे पर यूजर. बघायला ठीक आहे. बदलायचं ते पॉलिसीतूनच, नाहीतर पुढच्या माणसाला कळत नाही कुणी काय केलं.

लायसन्स सर्व्हरच्या पोटात बघा

मोड आणि नाव दोन्ही बरोबर असूनही कुरकुर चालूच असेल तर आरडी लायसन्सिंग मॅनेजर उघडा. सर्व्हरच्या नावावर हिरवी खूण आहे का? नसेल तर तो सक्रियच केलेला नाही. सक्रिय न केलेला लायसन्स सर्व्हर पर डिव्हाइस पद्धतीत फक्त तात्पुरती लायसन्सं वाटतो, आणि ती ९० दिवसांनी मरतात. म्हणून सगळं नीट चालतं आणि तीन महिन्यांनी एकेक पीसी गळायला लागतो. सक्रिय करणं सोपं आहे. इंटरनेट असेल तर आपोआप होतं, नसेल तर ब्राउझरमधून किंवा फोनवरून करता येतं.

मग कॅल कोणत्या आवृत्तीचे आहेत ते बघा. नियम एका ओळीचा आहे : कॅलची आवृत्ती सेशन होस्टच्या बरोबरीची किंवा त्याहून नवी हवी. सर्व्हर २०१९ असेल तर २०१९ किंवा २०२२ चे कॅल चालतील, २०१६ चे चालणार नाहीत. उलट २०२२ चे कॅल २०१६ च्या सेशन होस्टला चालतात. लायसन्स सर्व्हरही कॅलपेक्षा जुना चालत नाही. २०१६ च्या लायसन्स सर्व्हरमध्ये २०२२ चे कॅल बसणार नाहीत. नवा सर्व्हर घेताना जुने कॅल तसेच चालतील असं दुकानदार सहज बोलून जातो, आणि रात्री बारा वाजता स्थलांतर करणाऱ्याला कळतं की चालत नाहीत. खरेदीच्या आधी हा एक प्रश्न कागदावर विचारून घ्या.

रिमोट डेस्कटॉपचे कॅल आणि साधे विंडोज सर्व्हरचे कॅल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रिमोट डेस्कटॉपसाठी दोन्ही लागतात. कोटेशनमध्ये एकच ओळ दिसली तर थांबा.

माणसं मोजायची की यंत्रं

कॅल म्हणजे एका वेळी किती जण आत येऊ शकतात त्याचा आकडा, असा समज सर्रास आहे. तसं नाही. पर यूजर कॅल माणसाला लागतो, मग तो महिन्यातून एकदा आला तरी. पर डिव्हाइस कॅल यंत्राला लागतो, त्यावर दिवसभरात कितीही माणसं बसोत. कारखान्यात तीन पाळ्यांत तीस कामगार आणि दहा टर्मिनल असतील तर पर डिव्हाइस परवडतं. सीए ऑफिसात दहा जण, प्रत्येकाचा ऑफिसचा पीसी, घरचा लॅपटॉप आणि मोबाइल असेल तर पर यूजर.

सांगलीच्या दुकानात माणसं सात होती. यंत्रं मोजली तर पाच टेबलांवरचे पीसी, मालकांचा लॅपटॉप, त्यांच्या मुलाचा लॅपटॉप, हिशेबनिसांचा घरचा पीसी, सल्लागारांचा एक, आणि मालक मोबाइलवरूनही शिल्लक बघायचे म्हणून तो दहावा. साहजिकच मालक म्हणाले, “सातच घ्या, पर यूजर.” पण त्यांच्याकडे डोमेन नव्हतं, सगळं वर्कग्रुपवर, म्हणजे प्रत्येक यंत्राची खाती त्या-त्या यंत्रावरच. आणि सर्व्हर होता २०१९.

वर्कग्रुप आणि साठ मिनिटं

पर यूजर कॅलचा हिशेब ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या खात्यांच्या वहीत), माणसाच्या खात्यावर लिहिला जातो. वर्कग्रुपमध्ये ती वहीच नसते, म्हणून नोंद करायची कुठे? जुन्या आवृत्त्या याकडे काणाडोळा करायच्या. २०१९ पासून सर्व्हर वर्कग्रुपमध्ये असेल आणि मोड पर यूजर असेल, तर तासाभरात सेशन तुटण्याची चौकट येते. लोक परत लॉगिन करतात, परत तासभर काम, परत चौकट. एका पतसंस्थेत कर्मचाऱ्यांना ही चौकट म्हणजे जेवणाची घंटा वाटायला लागली होती.

यावर उपाय दोनच. एकतर पर डिव्हाइस कॅल घेऊन मोड बदलायचा, नाहीतर डोमेन उभं करायचं. पर यूजर कॅल आधीच घेतलेले असतील तर लायसन्सिंग मॅनेजरमध्ये ते पर डिव्हाइसमध्ये रूपांतरित करण्याची सोय आहे. ती वापरण्यापूर्वी खरेदीच्या कराराच्या अटी बघून घ्या. सांगलीला शेवटी दहा पर डिव्हाइस घेतले. मालक थोडे कुरकुरले. मोबाइल सोडा म्हटलं तर तेही नको म्हणाले.

वर्कग्रुपबद्दल आणखी एक. तिथे सर्व्हर मॅनेजरमधली रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसची खास इन्स्टॉलेशन पद्धत चालत नाही, तिला डोमेन लागतं. सेशन होस्ट आणि लायसन्सिंग हे दोन रोल साध्या रोल-बेस्ड पद्धतीने बसवायचे आणि बाकी सगळं वर सांगितलेल्या पॉलिसीतून करायचं.

पर डिव्हाइस : एका पीसीचं दुखणं

पर डिव्हाइसमध्ये यंत्र पहिल्यांदा येतं तेव्हा त्याला ९० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळतं. दुसऱ्यांदा यशस्वी लॉगिन झालं आणि साठ्यात कॅल असला की त्याचं पक्कं होतं. पक्कं म्हणजेही कायमचं नव्हे. त्याला ५२ ते ८९ दिवसांमधली कुठलीतरी मुदत मिळते आणि संपायच्या सात दिवस आधीपासून ते नूतनीकरण मागायला लागतं. यात शहाणपण आहे : भंगारात गेलेल्या पीसीचा कॅल काही आठवड्यांनी आपोआप साठ्यात परत येतो.

घाई असेल तर लायसन्सिंग मॅनेजरमधून कॅल हाताने परत घेता येतो. पण एका आवृत्तीच्या पर डिव्हाइस कॅलपैकी एका वेळी २० टक्केच. दहा असतील तर दोन. त्यामुळे आपल्या शेजारच्याला सोय म्हणून कॅल ‘फिरवत’ राहण्याचा बेत जमत नाही.

आता क्लायंटची रजिस्ट्री. लायसन्स क्लायंटवर एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, एमएसलायसेन्सिंग इथे साठवलेलं असतं. त्याखाली हार्डवेअरआयडी आणि स्टोअर असे दोन कप्पे असतात. प्रोटोकॉलची त्रुटी येत असेल तर आधी या कीची (रजिस्ट्रीतल्या कप्प्याची) एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा, मग एमएसलायसेन्सिंग ही की काढून टाका. पुढचं पाऊल नव्वद टक्के लोक विसरतात. एमएसटीएससीवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने एकदा जोडा. की परत तयार करायला एचकेएलएममध्ये लिहिण्याचा अधिकार लागतो. साध्या खात्याला तो नसतो, म्हणून तीच त्रुटी परत येते आणि माणूस म्हणतो “काढून बघितलं, काही फरक नाही.”

थिन क्लायंट (फक्त सर्व्हरला जोडण्यापुरती छोटी यंत्रं) असतील तर वेगळी गंमत. बरेच थिन क्लायंट बंद केले की डिस्कवरचे बदल पुसून पहिल्या अवस्थेत येतात, राइट फिल्टर असतो त्यांना. म्हणजे रोज सकाळी सर्व्हरला ते नवंच यंत्र वाटतं आणि ते नवं लायसन्स मागतं. दहा टर्मिनलांसमोर लायसन्सिंग मॅनेजरमध्ये पन्नास नावं दिसली तर समजा हेच होतंय. राइट फिल्टरमध्ये एमएसलायसेन्सिंगची की वगळून द्यायची, म्हणजे ती टिकते.

मोड चुकीचा असला तरी हेच लक्षण दिसतं. साठ्यात पर यूजर कॅल आणि होस्टवर पर डिव्हाइस मोड असेल, तर साठा भरलेला दिसतो आणि यंत्रांना मात्र तात्पुरतंच मिळत राहतं. नव्वदाव्या दिवशी पहिला फोन येतो.

पर यूजर : डोमेनमधली कुरकुर

डोमेनमध्ये पर यूजर पद्धत तशी समंजस आहे. कॅल कमी पडले म्हणून ती कुणाला अडवत नाही, फक्त नोंदवते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. लायसन्सिंग मॅनेजरमधून पर यूजर वापराचा अहवाल काढता येतो. तो तिमाहीला एकदा काढून ठेवा, ऑडिटच्या वेळी धावाधाव होत नाही.

लायसन्सिंग लॉगमध्ये ४१०५ क्रमांकाची नोंद दिसली तर लायसन्स सर्व्हरला माणसाच्या खात्यावर लिहिता येत नाहीये. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ‘टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स’ नावाचा गट असतो, त्यात लायसन्स सर्व्हरचं संगणक खातं हवं. लायसन्सिंग मॅनेजरमध्ये सर्व्हरवर राइट क्लिक करून ‘रिव्ह्यू कॉन्फिगरेशन’ उघडलं की तिथेच गटात घालायचं बटण मिळतं. डोमेन ॲडमिनचे अधिकार लागतात. नंतर लायसन्सिंगची सेवा रिस्टार्ट करा. जुन्या काळापासून वाढवत आणलेल्या डोमेनमध्ये, काही जुन्या खात्यांवर या गटाला लिहिण्याचा हक्कच नसतो. नवी माणसं ठीक आणि पंधरा वर्षं जुनी माणसंच नोंदीत येत असतील तर तिकडे बघा.

सगळं ठीक दिसतंय, तरी होत नाही

डायग्नोसर खूश, कॅल आहेत, मोड बरोबर, तरी क्लायंटला नकार. अशा वेळी सेशन होस्टवरची जुनी सर्टिफिकेटं अडवत असू शकतात. रजिस्ट्रीत त्याच आरसीएम कीखाली एक्स५०९ सर्टिफिकेट, एक्स५०९ सर्टिफिकेट आयडी आणि एक्स५०९ सर्टिफिकेट२ अशा नोंदी असतात. आरसीएमची प्रत एक्स्पोर्ट करून या तीन काढा आणि सर्व्हर रिस्टार्ट करा. तो त्या नव्याने तयार करतो. हे शेवटचं अस्त्र आहे, पहिलं नाही.

याच आरसीएमखाली ग्रेसपीरियड नावाची एक की आहे. व्हिडिओ बघून ती पुसून पुन्हा १२० दिवस मिळवणारे बरेच भेटतात. काही जण तर ते वेळापत्रकातच लावून ठेवतात. ते लायसन्स नव्हे, लायसन्स चुकवणं आहे, आणि ते मी कुणाच्या सर्व्हरवर करत नाही. विंडोज १० किंवा ११ च्या पीसीवर टर्मसर्व्ह फाइलला ठिगळ लावून पाच जणांना आत घेण्याचा प्रकारही त्याच जातीचा. शिवाय पुढचं विंडोज अपडेट आलं की ठिगळ उसवतं, तेही बहुधा रिटर्नच्याच दिवशी.

लायसन्सिंगचा रोल निरुपद्रवी समजून कुणी त्याचे पॅच थांबवू नका. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच सेवेतली सीव्हीई-२०२४-३८०७७ ही त्रुटी दुरुस्त केली. तिला १० पैकी ९.८ गुण होते, आणि लॉगिन न करता दुरूनच सर्व्हरवर कोड चालवता येत होता. ज्या सर्व्हरवर हा रोल लागत नाही तिथून तो काढून टाका, आणि लागतो तिथे इंटरनेटकडून आरपीसीची पोर्टं पूर्ण बंद ठेवा. बाहेरून येणाऱ्यांसाठी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट उघडं सोडण्याऐवजी व्हीपीएन द्या.

लायसन्स सर्व्हरच मेला तर

डिस्क गेली, सर्व्हर उभा राहत नाही. कॅल बुडाले का? नाही. नवा लायसन्स सर्व्हर बसवून सक्रिय करा आणि लायसन्सिंग मॅनेजरमधला ‘मॅनेज लायसन्सेस’ विझार्ड चालवा. जुना सर्व्हर चालत नाही असं कारण तिथे निवडता येतं. कराराचा क्रमांक हाताशी असेल तर काम अर्ध्या तासाचं. नसेल तर ज्याने विकले त्या दुकानदाराला शोधत फिरा, आणि दुकान बंद झालं असेल तर देवच पावो.

सांगलीला कॅलचा कराराचा क्रमांक तिसऱ्या दिवशी आला. लायसन्सिंग मॅनेजरमध्ये टाकला, मोड पर डिव्हाइस केला, पाचही पीसींवरून दोन-दोनदा लॉगिन करून घेतलं, म्हणजे तात्पुरत्याचं पक्कं झालेलं डोळ्यांनी दिसेल. मग सर्व्हरच्या खोक्यावर आतल्या बाजूने एक कागद चिकटवला : बसवल्याची तारीख, कॅलची आवृत्ती आणि संख्या, कराराचा क्रमांक, लायसन्स सर्व्हरचा ३५ अक्षरांचा आयडी. हिशेबनिसांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि विचारलं, “दादा, आता परत माळ्यावर चढायला नको ना?” म्हटलं, मॉनिटर मात्र तिथेच राहू द्या.